गुलाबी तळं आणि काचेचं लोखंड

खिशात चुंबक ठेवून लोखंडाच्या भुग्याजवळून नुसतं चालत गेलं, तरी घरी आल्यावर खिसा जड लागतो. आपण काही गोळा करायला गेलेलो नसतो. किस्स्यांचंही अगदी तसंच आहे. मी आयुष्यात एकही किस्सा मुद्दाम गोळा केला नाही. मी फक्त नोकरी केली. मित्र विचारतात, "अरे, हे सगळं तुमच्याच लॅबमध्ये कसं घडायचं?" मी म्हणतो, सगळ्यांच्याच लॅबमध्ये घडतं. बाकीचे लोक त्याचा रिपोर्ट लिहितात, एवढंच!

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत टेक्निकल असिस्टंट होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत, आणि वाचतातही. आमचा चमू छोटा. प्रमुख देवस्थळी सर, धातुशास्त्राचे डॉक्टर. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते विनोद करायचे तेव्हा त्यांना स्वतःला कळायचं नाही. मग सुलभा मॅडम, रसायनवाल्या. त्यांची पीएचडी सावकाश चालायची आणि जीभ भराभर. जीपवर ड्रायव्हर बबन. आणि शेवटी मी. माझी नेमणूक कशाच्या जोरावर, तर माझं गाव आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर! सरांचं मराठी मी गावाला समजावून सांगायचं आणि गावाचं मराठी सरांना.

काम एकाच वस्तूवर चालायचं, मेटॅलिक ग्लास. लोखंडात थोडं सिलिकॉन आणि थोडं बोरॉन घालून वितळवायचं, आणि तो रस गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायचा. चाकाला लागताक्षणी तो थिजतो आणि चांदीसारखी चकचकीत, कागदाहून पातळ पट्टी सुटत जाते. ही पट्टी दळून तिची पूड रंगीत पाण्यात टाकली की रंग तुटतो आणि पाणी निवळतं. सरांनी अर्धं आयुष्य या पुडीवर पेपर लिहिण्यात घातलं होतं. आता त्यांची एकच इच्छा उरली होती. ही पूड एकदा तरी बीकरच्या बाहेर, कुणाच्या तरी खऱ्या पाण्यात चालावी.

पण असं खरं रंगीत पाणी आणायचं कुठून?

* * *

एकदा आम्ही भलत्याच कामासाठी शिनोलीवरून भीमाशंकरच्या दिशेनं चाललो होतो. सर पुढं बसलेले. वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला. बबननं जीप थांबवली. मेंढरं निवांत रस्ता ओलांडू लागली. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. परत काढला. परत पुसला.

मेंढरं गुलाबी होती.

म्हणजे पूर्ण नव्हती. वर पांढरी आणि पोटापासून खाली गुलाबी. शाळेच्या भिंतीला खालच्या अंगाला ऑइलपेंट मारतात ना, तशी, सरळ रेषेत!

शेवटी सरांनी हळूच विचारलं, "बबन, तुला या मेंढ्या कुठल्या रंगाच्या दिसतायत?"

बबन म्हणाला, "साहेब, मला मगाशीच दिसल्या. पर म्हणलं, साहेब काय बोलत न्हाईत तवर आपुन बोलायचं न्हाई!"

मी खाली उतरलो. कळपामागं काठी टेकत मेंढरांचे मालक बिरूमामा येत होते. मी विचारलं, "मामा, मेंढरं गुलाबी कशानं झाली?"

"तळ्यातनं आणली."

"आणि तळं?"

"यात्रा झाली न्हवं परवा."

"यात्रेचा आणि तळ्याचा काय संबंध?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी निरगुडसरचा आहे हे मी सांगितलंच नाही. "पावणं, गाडा पयला आल्यावर गुलाल उधळायचा न्हाई, तर काय कुकवाचं बोट लावायचं?"

आता उमगलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतीत गाडा जिंकला की गुलाल चिमटीनं उधळत नाहीत, पोत्यानं उधळतात. मामांच्या वाडीचा घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, नेमका तळ्याच्या वरच्या अंगाला. जिंकलेले बैल, हरलेले बैल, मालक, पाहुणे, सगळे लाल होऊन तळ्यात उतरायचे आणि आपापल्या रंगात बाहेर यायचे. त्यांचा रंग पुढं कित्येक महिने तळ्यात राहायचा. त्याच पाण्यावर वाडीची जनावरं आणि वाडीची धुणी!

सर तळ्याच्या काठावर उकिडवे बसले. बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं आणि म्हणाले, "सुंदर!"

हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. मॅडमच्या मते तो त्यांच्या लग्नातही निघालेला नसणार.

* * *

प्रकल्प मंजूर झाला, पण अटीवर. तळ्याकाठी प्लांट आम्ही उभारायचा. मुदत संपली की दिल्लीहून कमिटी येणार, आणि त्या दिवशी वाडीनं आपल्या तोंडानं सांगायचं, की हा प्लांट आम्हाला पाहिजे, आम्ही चालवू. तसं म्हणाले तर पुढं चालू. नाही म्हणाले तर प्लांट भंगारात आणि सर दिल्लीच्या ऑफिसात, दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या फायलींवर शेरे मारायला. सरांना फायलीपेक्षा भंगार परवडलं असतं.

वाडीत शब्द चालायचा तो तात्यांचा. तात्या सरपंच, शिवाय गाडामालक. यातलं दुसरं पद मोठं! मारुतीच्या देवळात सभा भरली. सरांनी चकचकीत पट्टी वर धरली आणि सांगितलं, "हे लोखंड आहे. पण ही काच आहे."

तात्यांनी पट्टी हातात घेतली, वाकवली, उजेडात धरली. "काच म्हणता, मग फुटती का?"

"नाही. पोलादापेक्षा बळकट आहे."

"आरपार दिसतंय?"

"नाही."

"मग हिला काच कशापायी म्हणायचं?"

सर फळ्यावर शिकवतात तसं बोलू लागले. "साध्या लोखंडात अणू कवायतीच्या पोरांसारखे ओळीत उभे असतात. वितळवलं की पळापळ होते. सावकाश थंड केलं की ते पुन्हा ओळ धरतात. आम्ही इतक्या झटक्यात थंड करतो की ओळ धरायला त्यांना वेळच मिळत नाही. काचेत असंच असतं."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजी यष्टी लागल्यावर दारात जी झोंबाझोंबी व्हती, ती हाय तशी थिजवायची?"

सर थक्क झाले. "अगदी बरोबर! मला वीस वर्षांत इतकं सोपं सांगता आलं नाही!"

"आन ती झोंबाझोंबीच रंगाला धरून हाणती?"

"हो! ओळीतला अणू आपली जागा सोडत नाही. गर्दीतला चटकन रंगावर धावून जातो."

देवळात कौतुकाची कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "गर्दीत हात धुवून घेत्यात, त्यातलंच की!"

पुढं सरांनी हाच यष्टीचा दाखला परदेशातल्या एका परिषदेत दिला. कुणालाही काही कळलं नाही. तिथं म्हणे बसमध्येसुद्धा लोक रांगेनं चढतात!

* * *

पट्टीचं पहिलं पोतं आम्ही वाडीवर नेऊन ठेवलं आणि पूड करायची गिरणी आणायला पुण्याला गेलो. परत आलो तर पोतं अर्धं. चौकशी केली. वाडी म्हणाली, उंदरानं खाल्लं असंल.

सर म्हणाले, "उंदरानं हे खाल्लं असेल तर तो उंदीर मला बघायचाय."

त्यानंतर आम्ही बेल्ह्याच्या बाजारात गेलो होतो. बैलबाजार ऐन भरात होता. टेम्पो, मोटरसायकली, धुरळा. सरांना पूड चाळायची चाळण हवी होती, आणि बेल्ह्याला सगळं मिळतं असं मीच सांगितलेलं. एका खोंडाभोवती ही गर्दी! आम्हीही डोकावलो. खोंड बरा होता, पण गर्दी खोंडाला नव्हती, त्याच्या शिंगांना होती. बुडापासून टोकापर्यंत दोन्ही शिंगं चांदीसारखी लखलखत होती आणि टोकांना झुरमुळ्या!

सरांनी जवळ जाऊन शिंग नखानं खरवडलं. मालक गुरगुरला, "ओ पावणं, हात नका लावू, इंपोर्टेड माल हाय!"

"कुठून आणला?" सरांनी विचारलं.

"पुण्याच्या मोठ्या सायंटिष्टकडनं. तसा कुणाला देत न्हाई त्यो. आपली वळख हाय."

सर त्याच्याकडं बघत राहिले. आता पोलिसात जातात की काय! पण ते गंभीरपणे म्हणाले, "गाठ चुकीची मारलीय. ही पट्टी अशी वाकवली तर कड कापते, बैलाच्या कानाला लागेल." आणि भर बाजारात त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन्ही शिंगं सोडवून नीट बांधून दिली!

मालक खूश झाला. निघताना त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्ये कोन पावणं? हात लई बसलाय. यांचा शिंगं सजवायचा धंदा हाय का?"

मी म्हणालो, "हो. पुण्यात मोठं दुकान आहे."

* * *

पूड करायची आमची गिरणी म्हणजे आडवं पिंप. आत पोलादी गोळे. पिंप फिरलं की गोळे एकमेकांवर आपटतात आणि मधल्या मालाचा भुगा होतो. तिचा धडधडाट खालच्या वस्तीपर्यंत जायचा.

एका सकाळी तिथल्या हौसाआक्का बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन दारात उभ्या. "बाई, एवढी टाका की दळायला. शिनोलीच्या गिरणीची मोटार जळलीया."

मॅडम म्हणाल्या, "आक्का, ही पिठाची गिरणी नाही हो."

"फिरती न्हवं?"

"फिरते."

"वाजती न्हवं?"

"वाजते."

"मग गिरनीच की! शिकल्याल्या बायकांनी असं फाटं फोडू न्हाई."

आक्कांपुढं मॅडमचं काही चाललं नाही. इतर सगळ्यांचं मॅडमपुढं चालत नसे, त्यामुळं आम्हाला बरं वाटलं. पिंप धुतलं, पुसलं, बाजरी टाकली. पीठ असं निघालं की फुंकर मारली तर ढग व्हावा. आक्का दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आल्या. "आवं, मोडायची गरजच न्हाई, तोंडात ठिवली की इरघळती!" मग काय, रोज सकाळी डब्यांची रांग. सकाळी बाजरी, दुपारी लोखंड.

मग एका दुपारी सर पुण्याहून जीप पळवत आले. हातात एक्स-रे मशीनचा आलेख. आता एवढं सांगतो, की आमच्या काचेच्या पुडीचा आलेख म्हणजे नुसती बसकी टेकडी. त्यात टोकदार सुळके आले की समजायचं, अणू ओळीत लागले आणि माल बिघडला. या आलेखात टेकडीच्या अलीकडं छान सुळके होते.

सरांनी तो मॅडमपुढं धरला. "सुलभा, नवीन स्फटिक आहे! कुठल्याच धातूशी जुळत नाही. लोखंड नाही, बोराइड नाही, काहीच नाही. मी त्याला सध्या एक्स-फेज म्हणतोय. पेपरचं पहिलं पान लिहूनही झालंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी डोंगराकडं बघितलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, त्याची भाकरी होते."

सर खाली बसले. आलेख मांडीवर घेऊन सुळके पुन्हा एकदा मोजले. मग विचारलं, "कडक होते का मऊ?"

"मऊ होते, सर."

"मग बरोबर आहे," सर म्हणाले. "कण बारीक आलेत."

* * *

प्रकल्पाचं शेपूट म्हणून एक ऊर्जेचंही काम होतं. निकेलच्या मिश्रधातूच्या पट्ट्या पाण्यात बुडवायच्या, वरच्या सोलर पॅनेलमधून वीज द्यायची, म्हणजे पाणी फुटून हायड्रोजन निघतो. तो जाळला की चूल पेटते. वाडी प्लांटच्या बाजूनं वळावी म्हणून सरांनी ठरवलं, की ही चूल लोकांना दाखवायची.

भर दुपार, लख्ख ऊन. अख्खी वाडी गोल करून बसली. सरांनी नळीच्या तोंडाशी काडी लावली आणि मागं सरले. "पेटला!"

लोक बघत राहिले. काही दिसेना. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसतच नाही, हे सरांना इतकं माहीत होतं की ते सांगायला विसरले.

"कुठं हाय?" तात्यांनी विचारलं.

"हा काय, नळीच्या टोकाला."

"आमाला काय दिसत न्हाई."

"दिसत नाही, पण आहे."

वाडीत चुळबुळ सुरू झाली. सर बबनला म्हणाले, "बबन, जरा खात्री करून दे यांना." बबन कागद वगैरे शोधत बसला नाही. त्यानं कानावरची बिडी काढली, तोंडात धरली आणि नळीपुढं वाकला. बिडी पेटली. बिडीबरोबर उजवी भुवईही गेली.

बबन सरळ झाला, एक झुरका घेतला आणि जाहीर केलं, "हाय!"

टाळ्या पडल्या. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी तात्यांना विचारलं, "आता पटलं?"

तात्या म्हणाले, "त्यात काय न पटायसारखं हाय? आमच्या वाडीची लाईट बी अशीच हाय. बोर्डाचा मानूस येऊन सांगतो, हाय. दिसत कुनालाच न्हाई!"

* * *

प्लांट सुरू झाला. पूड भरलेल्या टाकीत एका बाजूनं गुलाबी पाणी आत, दुसऱ्या बाजूनं नितळ पाणी बाहेर. मॅडमनी मीटर लावला. रंग जवळपास शून्य. सरांनी तात्यांना बोलावून मीटरचा आकडा दाखवला.

तात्यांनी आकड्याकडं बघितलंच नाही. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, त्या पाण्यात बुडवली, पिळली आणि तारेवर वाळत घातली. "आमचा मीटर ह्यो हाय. वाळू द्या."

आम्ही सगळे टोपीखाली उभे. उन्हात टोपी वाळत गेली तशी हळूहळू पिवळी पडली. पुडीतलं लोखंड थोडं पाण्यात उतरत होतं, आणि वाळताना त्याचा गंज चढत होता.

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "साहेब, येक सांगा. तुमी रंग काढताय का बदलताय?"

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या संध्याकाळी वाडीत बोलणं सुरू झालं, की गुलाबी तर गुलाबी, सवयीचं तरी आहे. लग्नाच्या पंगतीत वाडीची माणसं धोतरावरून लांबून ओळखू यायची. पिवळं धोतर नेसून गेलो तर हळदीचा नवरा समजतील!

सर त्यानंतर पुण्याला गेलेच नाहीत. प्लांटच्या शेडमध्ये सतरंजी टाकून राहिले. पाणी उंचावरून पायऱ्यापायऱ्यांनी पाडायचं, म्हणजे हवा लागून गंज तिथंच धरतो, आणि मग वाळूतून गाळायचं, असा बेत केला. वाळू त्यांनी स्वतः चाळली, पायऱ्या स्वतः बांधल्या. एकदा मी म्हणालो, "सर, गवंडी बोलावू का?" तर म्हणाले, "पेपर मी लिहिले, तर पायरीही मीच बांधायला पाहिजे." नंतर ती पायरी पडली आणि गवंडी बोलावला, पण वाक्य चांगलं होतं.

नव्या पाण्यात तात्यांची दुसरी टोपी पांढरी निघाली. तात्यांनी ती उलटसुलट करून बघितली, नाकाला लावली, आणि म्हणाले, "बगू."

आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. सरांना मी ते समजावून सांगितलं नाही. ते माझं कामच होतं, पण नाही सांगितलं.

* * *

कमिटी आली ती गाड्यांच्या रांगेनं. अध्यक्ष दिल्लीचे मोठे प्रोफेसर, कोट-टाय घातलेले. बाकीचेही तशाच कपड्यात. वाडी तळ्याकाठी जमली होती. मॅडमनी रिपोर्ट वाटले. अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, "तो गाँव का क्या फैसला है?"

तात्या पुढं आले. "फैसला आमचा न्हाई. हरण्याचा."

हरण्या म्हणजे तात्यांचा शर्यतीचा बैल. पांढराशुभ्र, घाटाचा राजा. त्याचे लाड सगळ्या तालुक्याला माहीत. दुसऱ्या गावच्या घाटाला जाताना टेम्पोत त्याच्यासाठी घरच्या विहिरीचं पाणी पिंप भरून जायचं. परक्या पाण्याला तो तोंड लावत नसे. एकदा पिंप सांडलं तर दिवसभर तहानेला राहिला आणि तसाच पळून गाडा जिंकला!

"मानूस काय," तात्या म्हणाले, "भिडंखातर कायबी पिऊन वर हसंल. बैलाला भीड नसती. हरण्या ह्ये पानी प्याला, तर वाडी पिलान्ट घेणार. न्हाई प्याला, तर राम राम."

मी हे अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "मान्य आहे."

आणि नेमकी लाईट गेली. पंप थांबला. प्लांटच्या नळाला बारीक धार उरली आणि तीही तुटली. सरांनी घमेलं धरून जेवढं मिळालं तेवढं घेतलं. जेमतेम तळ झाकेल इतकं, तांब्या-दीड तांब्या असेल. जनरेटर नव्हता आणि कमिटीला पुढं नाशिकला जायचं होतं. म्हणजे सगळा निकाल त्या तांब्याभर पाण्यावर!

हरण्याला बाभळीला बांधलं होतं. सर घमेलं घेऊन त्याच्यासमोर गेले. ओठ हलत होते. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "बैलाला डेटा सांगतायत."

हरण्यानं मान खाली घातली. वास घेतला. जोरात फुस्स केलं, पाण्यावर तरंग उठले. मान वर केली. पुन्हा खाली. पुन्हा वास. आणि तोंड फिरवलं.

सरांनी घमेलं दुसऱ्या बाजूनं नेलं. हरण्यानं दुसऱ्या बाजूलाही तोंड फिरवलं. अध्यक्षांनी घड्याळात बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

तात्या बराच वेळ सरांकडं बघत होते. फाटलेल्या चपला, वाळूनं सोललेले हात, घामानं भिजलेला इस्त्रीचा शर्ट. मग एकदम म्हणाले, "थांबा! त्यो असा न्हाई प्यायचा. त्याला नजर चालत न्हाई. येवढी मानसं टकामका बगत्यात, त्यो काय प्येणार? समद्यांनी पाठी करा!"

मी अध्यक्षांना सांगितलं, "सर, आप सबको बैल की तरफ पीठ करके खडा होना पडेगा."

"ये प्रोसीजर है?"

"जी सर. यहाँ का यही प्रोसीजर है."

अध्यक्ष वळले. कमिटी वळली. वाडी वळली. बबन, बिरूमामा, हौसाआक्का, मॅडम, मी, सगळे डोंगराकडं तोंड करून उभे. वळता वळता तात्यांनी विचारलं, "घमेलं कोन धरंल? सोडलं तर पाय मारतो त्यो."

"मी धरतो," सर म्हणाले.

आधी मागं काहीच आवाज नव्हता. समोर डोंगरावर एक घार फिरत होती, तिच्याकडं अख्खी कमिटी एकाग्रतेनं बघत होती. मग एक लांब सुस्कारा ऐकू आला. मग गटागटा पाणी पिण्याचा आवाज. तो थांबला. पुन्हा सुरू झाला. मधेच एक ठसका लागला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पुन्हा गटागटा. मग घमेलं जमिनीवर ठेवल्याचं वाजलं.

"वळा," तात्या म्हणाले.

आम्ही वळलो. घमेलं रिकामं होतं, तळाला थेंब नव्हता. सर त्याच्या शेजारी ताठ उभे होते. त्यांच्या मिशीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. आणि बाभळीखाली हरण्या आम्हा सगळ्यांसारखाच, पाठ करून, डोंगराकडं बघत उभा होता.

तात्यांनी घमेल्याकडं बघितलं. हरण्याकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं.

अध्यक्षांनी विचारलं, "पी लिया?"

"प्याला!" तात्या म्हणाले.

"पूरा?"

"समदं, साहेब! लई दिसांची तान व्हती बिचाऱ्याची."